गेट बंद आहे

दर्शन : पण गाडी दिसते तरी कुठे? उघडा ना काशीनाथकाका! बाबांना घोणस चावलीय, हिरड्यांतून रक्त येतंय त्यांच्या!

काशीनाथ : अरे, कसं उघडू? गेट बंद म्हणून स्टेशनला कळवलंय, सिग्नल दिलाय. आता गाडी गेल्याशिवाय चावी फिरतच नाही. ये, तू फिरवून बघ!

दर्शन : मग उचलून नेतो पलीकडे.

काशीनाथ : पलीकडे वाहन कुठाय? आणि दोन्ही लाइनींवर गाड्या आहेत. टेम्पोतच झोपव. पाय हलू देऊ नको.

नूतन : अहो, बाबांचे डोळे मिटतायत! डहाणूला डॉक्टर इंजेक्शन काढून बसलेत, आणि आपण इथे उभे!

दर्शन : बुलेट ट्रेनला लाख कोटी आहेत ह्यांच्याकडे! आमच्या गेटावरच्या एका पुलाला नाहीत. सगळं रुळांवर ओता, रस्त्यावरची माणसं मरू देत!

काशीनाथ : माझ्यावर ओरडू नको. पूल मंजूर होता. चौदा साली मोजणीवाले ह्याच केबिनमध्ये चहा पिऊन गेले. हरकत कोणी घेतली?

दर्शन : काका...

काशीनाथ : तुमच्या वाडीने. चिकूची अकरा झाडं जातात म्हणून. वर लिहिलंत, पूल नको, तोच पैसा रेल्वेवर घाला, गाड्या वाढवा. वाढल्या ना! दिवसभर गेट बंद करून हात दुखतात माझे.

नूतन : काका, पाया पडते, आत्ता नका ना हे काढू!

दर्शन : नाही, बोलू दे त्यांना. बाबा नकोच म्हणत होते. अर्ज मी लिहिला. दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा त्यांनी सही केली.

हरिश्चंद्र : दर्शन...

दर्शन : बाबा! बोला, बोलत राहा.

हरिश्चंद्र : अर्ज मागे घे.

दर्शन : घेतो. उद्याच जातो कचेरीत. झाडं मीच तोडतो, बाबा, तुमच्यासमोर तोडतो.

काशीनाथ : मालगाडी आली. अजून एक आहे मागे. देवा, लवकर काढ रे!

नूतन : बाबा, माझा हात घट्ट धरा. असा. अजून घट्ट.

काशीनाथ : गेली! फिरली चावी! दर्शन, गाडी काढ, पळ!

नूतन : बाबा, गेट उघडलं बघा. बाबा... अहो, थांबा जरा. बाबांनी हात सोडला.