उंबऱ्यावरचं आवतण

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक सांगा — ज्याला रोज सकाळी दोनशे चौदा माणसं नमस्कार घालतात, तो माणूस एकटा असेल का हो? बोला की! मागनं कुणीतरी 'नाही' म्हणालं. बरं! आता हातातला मोबाईल खिशात घाला आणि पुन्हा म्हणा... बघा, आवाज बारीक झाला!

ऐका तर. निंबोडी गावात मुरलीधर खैरमोडे नावाचे पोस्टमन होते. सगळे म्हणायचे मुरलीअण्णा. चौतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. कसं वाटायचे? उंबऱ्यासमोर उभं राहायचं, घंटी वाजवायची आणि नाव घेऊन हाक मारायची — "गजराकाकी, लेकाचं पत्र आलंय!" काकींना वाचता येत नव्हतं. मग पायरीवर बसून वाचून दाखवायचं, वर चहा प्यायचा. अण्णांची बायको कलावती वैतागायची, "टपाल एक पिशवी, आणि चहा चौदा कप!"

पुढं अण्णा निवृत्त झाले. वर्ष उलटतंय तोच कलावती गेली. घर खायला उठलं! नाशिकहून लेक आली, वैजयंता. तिनं हातात मोबाईल ठेवला. "अण्णा, करमेल तुम्हाला."

करमलं हो, लई करमलं! सकाळी सुविचार, दुपारी आरोग्याचे उपाय, संध्याकाळी कुणाच्या नातवाचा वाढदिवस. गावाचा ग्रुप, त्यात माणसं दोनशे चौदा. ओसरीवर बसलेला माणूस समोरून कोण गेलं ते बघेना. आणि गंमत सांगू? तहानेला खारं पाणी प्यावं तसं झालं. जेवढं बघावं, तेवढं आतून कोरडं. पण थांबायचं कसं? थांबलं की घर ऐकू यायचं — कलावती नसलेलं घर.

आलं कलावतीचं वर्षश्राद्ध. अण्णांनी ठरवलं, गाव जेवू घालायचं. तिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लंय, तिच्या नावानं एक घास खाऊन जातील. आता या जेवणाचं आवतण द्यायची आपली रीत काय? घरोघरी जायचं, उंबऱ्यापुढं उभं राहून नाव घेऊन सांगायचं. अण्णांनी काय केलं? ओसरीवर बसल्या बसल्या ग्रुपवर टाकलं! शहाण्णव अंगठे आले. पूर्वी अडाणी माणूस अंगठा उठवायचा, मंडळी, आता पदवीधर उठवतात!

त्या दिवशी वैजयंतानं पहाटेपासून रांधलं. बारा वाजले. पान बाहेर ठेवलं, कावळा लगेच शिवला. का नाही शिवणार? त्याच्याकडं मोबाईल नाही! पण माणूस? एक वाजला, दीड वाजला. पत्रावळ्या मांडलेल्या, पाण्याचे तांबे भरलेले, आणि वाट रिकामी. प्रत्येकाला वाटलं, सगळ्यांना सांगितलंय, म्हणजे मला असं कुठं सांगितलंय? दुसरे जातीलच की!

अण्णा पडवीत उभे. मोबाईल बघतात, तर नवीन तीन अंगठे. वैजयंता हळूच म्हणाली, "अण्णा, शेजारच्या काकी तरी का नाही आल्या?"

अण्णा तणतणत शेजारी गेले. बघतात तर काय! गजराकाकी इस्त्रीचं लुगडं नेसून उंबऱ्याच्या आत बसलेल्या.

"काकी, जेवायला का नाही आलात?"

"आवतण कुठं आलं?"

"अहो, ग्रुपवर टाकलं होतं!"

"माझ्याकडं ग्रुप न्हाई बाबा. उंबरा हाय." काकींचे डोळे भरले. "कलाचं वर्षसराद. फोडणीचा वास आला, म्हटलं आता हाक यील. सकाळधरनं लुगडं बदलून बसलीया. आरं मुरलीधर, चौतीस वर्सं टपाल वाटलंस. समद्या गावाची पत्रं चावडीच्या भिंतीला चिकटवून गेला असतास, तर कुणाला मिळाली असती रं?"

मंडळी, आहे का याला उत्तर? तुम्हाला सुचतंय का?

अण्णा उंबऱ्यापुढं उभे राहिले, "गजराकाकी, जेवायला चला!" म्हणाले आणि परतले. गोठ्यातली सायकल काढली, हवा भरली आणि निघाले. पहिलं दार बबन साबळेचं, शाळासोबत्याचं. घंटी वाजवली. "बबन साबळे! जेवायला चल!"

बबन बाहेर आला. "मुरल्या, माझी आई गेली तेव्हा मोबाईलवर तुझे जोडलेले हात आले. नखाएवढे. मी तुझी वाट बघत होतो रे."

अण्णा रडले. भर दुपारी, रस्त्यात, सायकलचा दांडा धरून रडले. "चुकलो, बबन."

"थांब. चप्पल घालू दे."

चार वाजता पंगत बसली. किती माणसं? एकोणतीस! दोनशे चौदा नव्हे. भात गार झालेला, आमटी दुसऱ्यांदा गरम केलेली. पहिल्या पानावर गजराकाकी. घास घेत म्हणाल्या, "कला आमटीत गूळ जास्त घालायची." बबन म्हणाला, "आणि नाव ठेवलं की दुप्पट वाढायची!" सगळी पंगत हसली. अण्णा हातात पळी घेऊन तसेच उभे. कलावतीची आठवण काढून कुणी हसलेलं त्यांनी वर्षानंतर ऐकलं होतं.

तर मंडळी, मोबाईल वाईट असं मी म्हणत नाही. माझ्याही खिशात आहे. पण उद्या आपल्या सप्ताहाचा काला, महाप्रसाद. मी येताना विचारलं, गावाला सांगितलंत का? उत्तर आलं — "बुवा, ग्रुपवर टाकलंय!"

आता जरा मान फिरवा. शेजारी बघा. आज इथं कोण आलेलं नाही? दरवर्षी खांबाला टेकून बसणारं कोण दिसत नाही? आठवलं ना नाव? मग आरती झाल्यावर त्या वाटेनं घरी जा. उंबऱ्यापुढं उभं राहा आणि नाव घेऊन हाक मारा. कुणी सांगावं, तिथं कुणीतरी लुगडं बदलून बसलं असेल.