दुभाषी मुलगी

ब्रुकलिनच्या दवाखान्यात ओदानीज आपल्या नंबराची वाट बघत होती. शेजारी योलेत आणि तिची सतरा वर्षांची मुलगी मिर्लांद हैतीच्या क्रेओल भाषेत हळूच बोलत होत्या. हळूच म्हणजे, सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतकंच. ओदानीजला ती भाषा आईच्या दुधापासूनची, त्यामुळे तिने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

“बॉस्टनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि हे मला चर्चमधल्या पाद्रीबाबांकडून कळतं. वा, राणीसाहेब!”

“तुला सांगितलं असतं तर रडली असतीस.”

“मी? हैती सोडताना रडले नाही, आता चार तासांच्या बसला रडू?”

“आई, सात वर्षांची होते तेव्हापासून तुझ्या डॉक्टरशी, घरमालकाशी तुझ्या वतीनं मीच बोलतेय.”

“हो ना! मी घरमालकाला शिव्या घालायचे आणि तू त्याला ‘आई आभार मानतेय’ म्हणून सांगायचीस.”

“तुला... इंग्रजी कळत होती?”

“दहा वर्षं इथे राहतेय बाई. दगड आहे का मी?”

“मग मला का नेत होतीस सगळीकडे?”

योलेत पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

“योलेत देरोझिए!” नर्सनं हाक मारली. मिर्लांद सवयीनं उठली.

“बस खाली. गुडघा माझा दुखतोय, तुझा नाही.”

योलेत एकटीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं. आतून मोडक्या पण खणखणीत इंग्रजीत ऐकू आलं, “डॉक्टर, गुडघा दुखतो. मुलगी बॉस्टनला चाललीय. आधी गुडघ्याचं बघा.”