दोन तारांवरचा दिवा

नाव सुलभा रमाकांत पोंक्षे, वय ६६ वर्षे, व्यवसाय निवृत्त अधिव्याख्याता (इलेक्ट्रॉनिक्स), मूळ गाव वाई, सध्या राहणार वृंदावन योजना, लखनौ.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन जबाब देते की, माझे यजमान रमाकांत पोंक्षे हे मागच्या मंगळवारी आमच्या गाडीला झालेल्या अपघातात वारले. माझा मुलगा अनीश याने आमचा चालक रामसजीवन रावत, राहणार बख्शी का तालाब, याच्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याची तक्रार दिली आहे. रामसजीवन कोठडीत आहे. त्याचा दोष नाही, एवढे सांगण्यासाठी मी आले आहे. इन्स्पेक्टर विनीता मिश्रा यांच्या परवानगीने जबाब मराठीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण यजमानांबद्दल हे मला दुसऱ्या भाषेत लिहिता येणार नाही.

यजमान रेल्वेत सिग्नल विभागात अभियंता होते. सिग्नलचा दिवा खरोखर लागला की नाही, हे केबिनमधल्या माणसाला समोर दिसलेच पाहिजे, हा त्यांच्या खात्याचा नियम. निवृत्तीनंतरही तो त्यांनी सोडला नाही. गाडीचा संगणक जागा झाला हे कळावे म्हणून त्यांनी उन्हाळ्याआधी चालकासमोर एक छोटा हिरवा दिवा बसवला. चावी फिरवली की तो लागे. रामसजीवन रोज विचारी, "साहब, सिग्नल हो गया, गाड़ी बढ़ाएँ?" यजमान हात वर करून परवानगी देत. या थट्टेत दोघांचाही दिवस चांगला सुरू होई.

अपघाताच्या सकाळी मी मागच्या सीटवर होते, यजमान पुढे, चालकाच्या डावीकडे. तेलीबागच्या अलीकडे वळणावर समोरचे इशाऱ्याचे सगळे दिवे एकदम पेटले आणि गाडी चालू असताना वेगाचा काटा शून्यावर आला. हिरवा दिवा विझला. रामसजीवन म्हणाला, "साहब, स्टेयरिंग पकड़ लिया इसने." त्याने ब्रेक दाबला होता आणि दोन्ही हातांनी चाक ओढत होता. त्याच्या उजव्या मनगटाला अजून सूज आहे. गाडी डाव्या बाजूने खांबावर गेली. डावीकडे कोण बसले होते ते वर लिहिले आहे.

शुक्रवारी तपासणी अधिकाऱ्यांनी स्टिअरिंगखालचे आवरण माझ्यासमोर काढले. आत एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक तारांना दुसऱ्या तारा जोडलेल्या होत्या. जोडावरची पट्टी उन्हाळ्यात सुटून त्या दोन बारीक तारा एकमेकींना टेकल्या होत्या. अनीश म्हणाला की हे एखाद्या गॅरेजवाल्याचे किंवा रामसजीवनचेच काम असणार. ते खरे नाही. त्या तारा मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या, बोटभर अंतरावर एकेक गाठ. सिग्नल विभागात तारा अशा बांधतात. आमच्या घरातल्या मिक्सरची वायरसुद्धा अशीच बांधलेली आहे. तो हात मी ओळखते.

चूक काय झाली ते लिहिते. यजमानांच्या काळच्या सिग्नलच्या कामात प्रत्येक कामाला स्वतंत्र तार असे. एक तार बिघडली तर एकच काम थांबे. आजच्या गाडीत तसे नसते. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, वेगाचा काटा, या सगळ्यांचे छोटे संगणक त्याच दोन तारांवर पाळीपाळीने एकमेकांशी बोलतात. एकाचा निरोप सगळे ऐकतात आणि आपल्या कामाचा तेवढा घेतात. त्या तारा चिकटल्या की कोणाचेच कोणाला ऐकू जात नाही. आमच्या गाडीत इंजिन चालू असल्याचा निरोप थांबला, की स्टिअरिंगला मिळणारी विजेची मदत बंद पडते आणि चाक जड होते. यजमानांना वाटले, ही जोडी फक्त इंजिनच्या संगणकाची आहे, म्हणून हिरव्या दिव्याच्या तारा त्यांनी तिलाच जोडल्या. आयुष्यभर अचूक ठरलेली सवय त्यांनी या गाडीत आणली. त्यांना गाडी अधिक सुरक्षित करायची होती, हेही ध्यानात घ्यावे.

काल रात्री जेवताना अनीशने विचारले, "आई, बाबा अब बोल नहीं सकते. आप उन्हीं पर डाल देंगी?"

मी म्हटले, "ते बोलू शकत नाहीत म्हणून मी बोलते आहे. ते असते तर सकाळीच ठाण्यात जाऊन बसले असते."

ज्याच्या हातात चाक, त्याच्याच हातात गुन्हा, ही पद्धत मला मान्य नाही. ती सोपी आहे, म्हणून सगळीकडे चालते. रामसजीवनने शेवटपर्यंत चाक सोडले नाही. एका गरीब माणसाला आत ठेवून माझ्या यजमानांचे नाव स्वच्छ राहणार असेल, तर ते नाव त्यांनाही नको असते. रामसजीवनला सोडावे. मुद्देमालात ठेवलेला तो दोरा सोडवू नये, गाठी आहेत तशा राहू द्याव्यात.

ठाण्यात मराठी जाणणारे दुसरे कोणी नसल्याने हा जबाब माझा मुलगा अनीश याने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि इन्स्पेक्टर मॅडमना हिंदीत सांगितला. वाचताना तो दोन ठिकाणी थांबला, पण एकही शब्द गाळला नाही. मजकूर मी लिहिला तसाच व खरा आहे. खाली माझी सही, आणि वाचणारा म्हणून त्याची. ती त्याने आपणहून केली आहे.