खोट्या खिडकीतलं मांजर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या घराच्या मालकीण लेडी कॉर्डेलिया, व्यासपीठावरचे वास्तुतज्ज्ञ डॉ. यार्डली, आज निवृत्त होणारे आपले गाइड आणि उत्सवमूर्ती श्री. हेरल्ड पिनक, आणि केकवर डोळा ठेवून भाषण ऐकायला बसलेल्या ऑल्डरविक हॉलच्या तमाम मंडळींनो,

मी मार्जरी थ्वेट, इथली व्यवस्थापक. मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत या घरातला जिनासुद्धा चढून होत नाही, तरी बघते.

तबेल्याच्या बाजूची ती खोटी खिडकी तुम्हाला ठाऊकच आहे. १७४२ साली घर बांधणाऱ्यांना डावीकडे सात खिडक्या, तर उजवीकडेही सातच हव्या होत्या. सातवीच्या जागी नेमकं धुराडं आलं. मग करायचं काय? भिंतीवर रंगानंच खिडकी काढली. काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या, झालं! खानदानी माणसांची रीतच ती. आत काही का असेना, बाहेरून डावं-उजवं जुळलं पाहिजे. बाईसाहेब, हे मी फक्त घराबद्दल बोलतेय हं.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी ती खिडकी पुन्हा रंगवायला पिनक आले. समोरच्या चहाघरात एनिड नावाची मुलगी चहासोबतचे स्कोन-पाव भाजायची. ती म्हणाली, "दिवसभर त्या काळ्या काचा बघून जीव विटला. कुणाला तरी बसवा की तिथं!" दुसऱ्या दिवशी उजव्या काचेत एक करडं मांजर बसलेलं, मान डावीकडे वळवून. एनिड हसली. रंगारी म्हणून आलेले पिनक मग गाइड होऊन इथंच राहिले, आणि एनिडबाईंचे नवरेही झाले. त्या जन्मभर विचारायच्या, "अहो, ते बघतंय तरी काय?" पिनक म्हणायचे, "मला काय विचारतेस? त्यालाच विचार."

ते कुणी काढलं, हे हळूहळू बाकीचे सगळेच विसरले. माहितीपुस्तकात तर चक्क 'अठराव्या शतकातलं मांजर' असं छापून आलं! चार वर्षांपूर्वी एनिडबाई गेल्या. त्यांची म्हणावी अशी एवढीच वस्तू घरावर उरली.

यंदा घराला मूळ रूप द्यायला डॉ. यार्डली आले. नियम ठरला, मूळचं तेवढं ठेवायचं, मागाहूनचं खरवडायचं. बैठकीत ते म्हणाले, "मांजर अस्सल आहे, त्याला हात लावायचा नाही." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पिनक उभे राहिले. "साहेब, ते मांजर माझं आहे. शहाऐंशी सालचं. शेपटी तर भर पावसात काढलीय."

टेबलाखालून मी त्यांना लाथ मारली हो! पण व्हायचं ते झालं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मार्जरी, एवढी वर्षं लोकांना सांगतोय, या घरात खरं काय न खोटं काय. आता जाता जाता थाप मारू?" असं म्हणाले आणि चहाघराकडे बघत राहिले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

गेल्या मंगळवारी डॉ. यार्डली परांचीवर चढले. सुरुवात केली डाव्या काचेपासून. मागाहून कुणीतरी फासलेला काळा रंग निघाला आणि खाली दिसला पिंजरा. पिंजऱ्यात हिरवा पोपट! १७४२च्या रंगाऱ्यालाही काळ्या काचा सोसवल्या नव्हत्या तर. आणि पोपट कुठं? मांजराच्या नजरेच्या थेट टप्प्यात. डॉ. यार्डली खाली उतरले आणि म्हणाले, "मी काही यांची ताटातूट करणार नाही." बाईसाहेबांनी तिथंच हुकूम सोडला, मांजर राहील.

पिनक, हे तुमच्यापासून मुद्दाम लपवलं. आठवडाभर परांचीवर कापड होतं ते त्यासाठीच.

बाईसाहेबांचे, डॉक्टरांचे आणि केक भाजणाऱ्या हातांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला, आणि ती लाथ पिनक यांनीही पोटात घालावी.

आता सगळे बाहेर चला, कापड उतरवायचंय. पिनक, तुम्ही चहाघराच्या दारात उभे राहा, एनिडबाई उभ्या राहायच्या तिथंच. ते काय बघतंय, हे त्यांना आज तुम्ही सांगायचंय.