मुकादमांचा हात आडवा असताना

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गोदीचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावर बसलेले युनियनचे सरचिटणीस. आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे आपले मुकादम. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी, त्यांची लेक आणि जावई. आणि दुपारची पाळी आटोपून घाईघाईने आलेले, हातांवरचं ग्रीस अजून पुरतं न निघालेले माझे सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

आज बोलायला मीच का, असा प्रश्न मागच्या रांगांमध्ये कुजबुजला जातोय, तो मला इथपर्यंत ऐकू येतोय. उत्तर सोपं आहे. समारंभ समितीने मुकादमांना विचारलं, तुमच्याबद्दल कोणी बोलावं? ते म्हणाले, "वरच्या बाईंना सांगा. बाकीचे खोटं बोलतील." आणि लगेच पुढे म्हणाले, "पाच मिनिटं. जास्त नाही."

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करते. वरची बाई म्हणजे मी. धक्क्यावरची मोठी क्रेन मी चालवते. ब्याण्णव पायऱ्यांच्या शिडीवर माझी केबिन आहे. तिथून समुद्र दिसतो, शहर दिसतं, पण ज्या जहाजाच्या पोटात मी माल सोडते ते पोट मात्र दिसत नाही. ते बघणारा माणूस खाली उभा असतो आणि हातांच्या खुणांनी मला सांगतो. उचल, सोड, डावीकडे, थांब. त्या खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, आणि डोळे मात्र सताड उघडे ठेवून त्या बघायच्या. एकोणीस वर्षं तो खालचा माणूस म्हणजे आपले मुकादम.

आणि त्यांना मी आवडत नाही.

हसू नका, हे गुपित नाही. पहिल्याच दिवशी सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर त्यांनी ते जाहीर केलं होतं. झालं होतं असं, की माझ्याआधी अकरा वर्षं ती क्रेन मुकादमच चालवत होते. मग त्यांना चक्कर यायला लागली, डॉक्टरांनी शिडी बंद केली, आणि त्यांच्या खुर्चीवर भांडारातली लहान क्रेन चालवणारी एक बाई सहा महिन्यांच्या चाचणीवर आणून बसवली. मुकादम म्हणाले, "ही खुर्ची माझी होती. ती यांना दिली हे मला पटलेलं नाही, आणि या बाईही मला पटलेल्या नाहीत. पुन्हा विचारू नका." आणि हेल्मेट घालून कामाला लागले.

मी घरी जाऊन रडले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात मी होते तेवढी पुरली नाही वाटतं." नंतर म्हणाल्या, "तोंडावर बोलतो ना? मग निदान त्याच्याकडे पाठ करून जेवायला हरकत नाही."

पण मला ते कुठलं कळायला. मी त्यांची मर्जी राखायच्या मागे लागले. चहा नेऊन दिला, तर म्हणाले, "मी घेतला." वहिनी, घेतला नव्हता. शेजारी काम करणाऱ्यांनी पाहिलं होतं. घरचा खाऊ नेला, डबा झाकणसुद्धा न उघडता परत आला. तब्येत विचारली, तर म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

दुसऱ्या महिन्यात माझ्या हातून एक लोखंडी पट्टी वीतभर जास्त खाली गेली. नुकसान काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी, माझी जेवणाची सुट्टी सुरू होताच, मुकादमांनी एक पिंप काठोकाठ पाण्याने भरलं, हुकाला लावलं आणि खूण केली. उचल. फिरव. सोड. पिंप टेकलं, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि वर ओरडले, "सांडलं." पुन्हा भरलं. "सांडलं." असं आठ दिवस चाललं. माझी सुट्टी जायची, हे मला दिसत होतं. त्यांचीही जायची, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नवव्या दिवशी एक थेंब सांडला नाही. मी खिडकीतून मान बाहेर काढून वाट पाहत राहिले, आता तरी काहीतरी चांगलं बोलतील. ते म्हणाले, "आज पाणी कमी भरलं होतं."

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण घड्याळाकडे मुकादमांचं लक्ष आहे.

माझ्या चाचणीचा पाचवा महिना. एका जहाजाचं दुरुस्त झालेलं इंजिन परत बसवायचं होतं. अडतीस टन. संध्याकाळच्या भरतीला जहाज निघालंच पाहिजे, असा मालकांचा धोशा होता. धक्क्याचे इन्चार्ज तेव्हा आपले आजचे अध्यक्ष होते. साहेब, हसताय, म्हणजे आठवतंय.

इंजिन निम्म्यावर आलं आणि डेकवर उभ्या असलेल्या मुकादमांचा हात आडवा झाला. थांब. मी थांबले. मला वरून काहीच वावगं दिसत नव्हतं. वारा नव्हता, साखळ्या सरळ होत्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. हात तसाच. पंपांच्या आवाजात कोण काय ओरडतंय ते कोणालाच कळत नव्हतं. वॉकीटॉकी दोनच, एक माझ्याकडे, एक साहेबांकडे, आणि साहेब खाली धक्क्यावर. मुकादमांकडे फक्त त्यांचे हात.

साहेब म्हणाले, "बाई, काय झालं? सोडा खाली."

मी म्हटलं, "मुकादमांचा हात आडवा आहे."

"मला इथून सगळं मोकळं दिसतंय. भरती निघून जाईल. सोडा."

"हात आडवा आहे, साहेब."

मग साहेब म्हणाले, "तुमची चाचणी चालू आहे, हे लक्षात आहे ना?"

लक्षात कसं नसणार? नापास झाले असते तर मी पुन्हा भांडारात गेले असते, आणि 'बाईला जमलं नाही' हे वाक्य या गोदीत कायमचं राहिलं असतं. माझ्यानंतर अर्ज करणाऱ्या प्रत्येकीला ते ऐकवलं गेलं असतं. आणि खरं सांगते, आज या व्यासपीठावरून प्रथमच सांगते, माझ्या मनात पाप आलं. हा माणूस मुद्दाम तर करत नाही ना? खुर्ची त्याची होती. मी त्याला नको आहे. दहा मिनिटं हात आडवा ठेवला की माझं काम तमाम.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. आणि मला ते पिंप आठवलं. ज्याला मला नापास करायचं होतं, त्याने आठ दिवस जेवण सोडून ते पाण्याने भरलं असतं का? पाच महिन्यांत हा माणूस माझ्याशी एक शब्द गोड बोलला नव्हता, पण त्याची एकही खूण खोटी नव्हती. माझं तोंडभर कौतुक करणारे तर पुष्कळ होते. त्यांच्यातल्या कोणाच्या हातावर मी अडतीस टन सोडले असते?

मी वॉकीटॉकीत म्हटलं, "साहेब, हात खाली आला की सोडते. त्याआधी नाही." आणि ती बंद करून बाजूला ठेवली.

अकरा मिनिटं. अकरा मिनिटं तो हात रेसभरही खाली आला नाही. मग जहाजाच्या पोटातून, मुकादमांनी शोधायला धाडलेल्या माणसाच्या मागोमाग, एक फिटर शिडी चढून वर आला. विसरलेला चष्मा घ्यायला तो कोणाला न सांगता परत खाली उतरला होता, इंजिनाच्या बरोबर खाली. आठ हेल्मेटं आत गेली होती, सात बाहेर आली होती, आणि ती मोजणारा माणूस या धक्क्यावर एकच होता. ते फिटर आज तिसऱ्या रांगेत बसलेत. चष्मा नवा आहे.

हात खाली आला. बोट फिरलं. सोड. मी त्या दिवशी जसं इंजिन सोडलं तसं आयुष्यात काही सोडलं नसेल. पहिल्याच प्रयत्नात सगळी भोकं बोल्टांवर बसली. धक्क्यावर शिट्ट्या वाजल्या. भरतीला वीस मिनिटं बाकी असताना जहाजाने दोर सोडले. मी ब्याण्णव पायऱ्या उतरून खाली आले. मुकादम समोर आले. म्हणाले, "दोन बोटं डावीकडे बसलंय."

फिटरांनी मोजलं. बसलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझ्या चाचणीचा निकाल लावायला समिती बसली, तेव्हा साहेबांनी मुकादमांना मत विचारलं. हे मला साहेबांनीच पुढे सांगितलं. मुकादम म्हणाले, "बाई मला आवडत नाहीत. पण माझा हात आडवा असताना त्यांनी तुमचं ऐकलं नाही. वर असाच माणूस पाहिजे." मी कायम झाले. आज या गोदीत क्रेनवर चार बायका आहेत, आणि चौघींनी ते पिंप उचललंय. चौघींचंही पहिल्या दिवशी सांडलं.

एकोणीस वर्षं झाली. आमच्या क्रेनखाली एकाही माणसाला ओरखडा उठलेला नाही. गोदीच्या फलकावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा रोज एकाने वाढतो. मुकादम, तो आकडा तुमचा आणि माझा आहे, आणि तो तुम्हाला माझ्याबरोबर वाटून घ्यावाच लागेल, आवडो न आवडो. त्या इंजिनानंतर मी पुन्हा कधी चहा नेला नाही. मी तुम्हाला आवडावी हे वेड माझ्या डोक्यातून गेलं आणि काम फार सोपं झालं. तुम्हाला अजूनही मी आवडत नाही ना?

सभागृहाने पाहिलं असेल. मान हलली. नाही.

समितीने मला बोलू दिलं, साहेबांनी त्यांच्याच तोंडावर ही गोष्ट सांगू दिली, वहिनींनी इतकी वर्षं त्यांना वेळेवर धक्क्यावर पाठवलं, सगळ्यांचे मनापासून आभार. काही अधिकउणं बोलून गेले असेन तर आपण पोटात घालावं. मुकादम घालणार नाहीत, ते बाहेर गाठून सांगतील, आणि मी ऐकून घेईन.

अजून वहिनींना दोन शब्द... नाही. मुकादमांचा हात आडवा झाला आहे. पाच मिनिटं केव्हाच संपली. एकोणीस वर्षांत मी ही खूण एकदाही मोडली नाही, आज मोडणार नाही.

फक्त, नियमाप्रमाणे, काम संपल्याची खूण मिळाल्याशिवाय मला केबिन सोडता येत नाही. दोन्ही पंजे एकमेकांत, छातीशी. मी थांबते, मुकादम. मला घाई नाही.

मिळाली. उतरते.