शाफ्टाची थरथर

डब्याचं झाकण माझ्या लेकीच्या हातून फरशीवर पडलं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरची शांतता मोडली. शेजारच्या बाकावर एक म्हातारे मिस्त्री होते, सोबत त्यांच्या आत नेलेल्या मुलाबरोबर लेथ मशीनवर काम करणारा माणूस.

“सेवकराम, अंकुशचा हात अडकलाच कसा?”

“लांब, बारीक लोखंडी शाफ्ट होता, मंगरूकाका. फिरता फिरता मधात लय थरथरत होता.”

“मंग मशीनवरच्या स्टेडीचा आधार लावाचा होता ना!”

“लावाले टाइम लागते म्हने. लाकडाचा ठोकळा हातानं दाबून धरला, थरथर थांबली. मंग ठोकळा सटकला अन् शाफ्टानं बाही ओढली.”

“चालू मशीनले हात लावते? कोन्या गाढवानं शिकवलं त्याले?”

“राहू द्या, काका. चहा आनतो.”

“नाव सांग त्याचं!”

“तुमीच, काका. तो म्हने, बाबानं जिंदगीभर असंच धरलं, काई नाई झालं.”

दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

“अंकुशचे वडील कोण? बाबा, हात नाही वाचला.”

म्हातारे उठले नाहीत.

लेक माझ्या कानाशी आली. “आई, ते आबाजी आपल्याच हातावर काहून मारून राहिले?”