शाबासकीसाठी खडकीपर्यंत

आठ डिसेंबर, रविवार. आकाश निरभ्र, हवा गार, वारा नाही... वारा असता तर निदान खापर त्याच्यावर फोडलं असतं हो. आता दोष द्यायचा कुणाला? चालवायचं काही नाही, तुम्हाला सांगतो. पन्नाशीतला माणूस त्या बारीक चाकांच्या रेसिंगच्या सायकलवरून बिबवेवाडीहून खडकीला जातो, कौतुक आहे की नाही? आहेच. पण थांबायचं कसं?

म्हणजे झालं काय, या सायकलचे बूट वेगळे असतात. तळव्याला एक खिट्टी, ती पेडलमध्ये खटकन अडकते, की पाय जागचा हलत नाही. काढताना टाच बाहेर फिरवायची. आमची तनया म्हणाली, "बाबा, सिंपल आहे, जस्ट ट्विस्ट." गॅलरीत भिंतीला धरून केलं, सुटला की पाय. पण मला एक सवय आहे... नवी वस्तू घरात आली की मी तिचे सगळे स्क्रू आवळून घेतो. मिक्सर असो, खुर्ची असो. शनिवारी पेडलचेही आवळले, चांगला दम लावून. तो स्क्रू बुटाची पकड घट्ट करण्यासाठी असतो, हे मला कळलं स्वारगेटच्या अलीकडे, लाल सिग्नलला.

टाच फिरवतोय, फिरवतोय... गुडघा फिरला, कंबर फिरली, टाच नाही. मग काय करणार? गेलो. सिग्नल तोडून गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारून एक रिक्षावाला तोच सिग्नल तोडत चाललेला, तो मला म्हणतो, "काका, शोभतं का या वयात?"

परत फिरावं म्हटलं, तर घरी तरी थांबायचं कसं? आणि तिकडे सासरे वाट बघत होते. शरच्चंद्र सबनीस, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, अख्खी नोकरी सायकलवर केलेले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या माणसाने मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. बढती मिळाली, तर "बरं." फ्लॅट घेतला, तर "बिबवेवाडीत? बरं." म्हटलं, त्यांच्या दारात सायकलवरून उतरलो की म्हणतील. त्या एका शब्दासाठी ही सगळी उस्तवार.

तर पोचलो. सोसायटीच्या आवारात शिरलो आणि... चालवायचं काही नाही हो, थांबायचं कसं? घातली चक्कर. सासरे पहिल्या मजल्यावर, गॅलरीत, हातात चहा.

"या, श्यामसुंदरराव."

"आलो," म्हटलं आणि पाण्याच्या टाकीमागे गेलो. पुढच्या फेरीला, "अहो, या की वर."

"येतोच."

"चालवून दाखवताय होय? बरं."

सासूबाई डोकावल्या. "अहो, त्यांना म्हणावं पोहे गार होतायत."

आता पाय अडकलाय म्हणून ओरडायचं, ते कुणासमोर? या माणसासमोर? खाली शेजारचा रणजित बादली घेऊन गाडी पुसत होता. जाता जाता हळूच म्हटलं, वर ऐकू जाऊ नये म्हणून, "रणजित, धर."

"काय धरू?"

ते विचारेपर्यंत मी टाकीमागे. परत आलो, म्हटलं, "मला." आणि तेवढ्यात मांड्यांतला जीव संपला, सायकलसकट गेलो त्याच्या अंगावर. पण पठ्ठ्याने धरलं हो. बादली पालथी, दोघे चिंब, पण पडू दिलं नाही.

आणि वरून आवाज आला, "शाबास."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सत्तावीस वर्षं... मान वर करून म्हटलं, "थँक्यू, बाबा."

"तुम्हाला नाही हो. रणजितला."

मग त्यानेच बुटांचे पट्टे सोडले, एकेक पाय बाहेर ओढला. ओल्या मोज्यांनी जिना चढलो, तर सासूबाई दारात. "बूट बाहेरच काढा हं."

म्हटलं, काढलेत.

सायकल खडकीत, जिन्याखाली. बूट सायकलवर. मी पोहे खाऊन, सासऱ्यांच्या चपला घालून, रिक्षाने बिबवेवाडीत.